‘टेक्निकल रायटर’ ही पाटी नसलेल्या नोकऱ्या

नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर ‘टेक्निकल रायटर’ (म्हणजे यंत्रे, औषधनिर्मिती, सॉफ्टवेअर यांच्या कार्यपद्धती आणि वापर-सूचना लिहिणारी व्यक्ती) आणि ‘गोवा’ हे शब्द टाकून शोधले, तर समोर येणाऱ्या जाहिराती एका हाताच्या बोटांवर मोजून संपतात, आणि त्यांतल्याही काही हॉटेलांसाठी किंवा जमीन-बंगल्यांच्या विक्रीसाठी आकर्षक मजकूर लिहिण्याच्या असतात. गेल्या महिन्यात फोंड्याला आमच्या घरी शेजारची मुलगी आली होती. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ती शेवटच्या वर्षाला आहे. तिला लिहायला आवडते, कोड लिहायला आवडत नाही, आणि मी गेली सतरा वर्षे याच कामावर पोट भरते आहे हे ठाऊक असल्यामुळे तिने सरळच विचारले, ‘‘मावशी, या लायनीत पुढे काही आहे की नाही?’’ तिच्यासमोरच मी वरचा शोध घेतला आणि ती तुटपुंजी यादी पाहून तिचा चेहरा उतरला. मग मी याच प्रकारच्या कामांची दुसरी नावे टाकली : ‘क्यूए डॉक्युमेंटेशन’, ‘रेग्युलेटरी अफेअर्स’, ‘टेक्निकल पब्लिकेशन्स’, ‘ट्रेनिंग कोऑर्डिनेटर’. यादी बरीच लांबली. त्या दिवशी चहाबरोबर जे बोलणे झाले ते अर्धवट राहिले, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

ज्याचे इंग्रजी चांगले त्याचे हे काम, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे आणि माझ्या घरीही तोच होता. रसायनशास्त्रात बी. एस्‌सी. करून २००८ मध्ये मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले, तेव्हा मला प्रयोगशाळेत जायचे होते. परंतु मुलाखत घेणाऱ्यांनी माझे अक्षर आणि इंग्रजी पाहिले आणि मला कागदांच्या खोलीत बसवले. त्या खोलीला ‘डॉक्युमेंटेशन सेल’ म्हणत. पहिले वर्षभर मी एसओपींच्या, म्हणजे कारखान्यातल्या लेखी कार्यपद्धतींच्या, डोक्यावरचे आवृत्ती क्रमांक बदलले, जुन्या प्रती परत गोळा केल्या, नव्या प्रतींवर ‘कंट्रोल्ड कॉपी’चे शिक्के मारले, आणि संध्याकाळी बसमध्ये बसून आपण शिकलो कशासाठी याचा विचार केला. त्या खोलीत बसून मी काही लिहिते आहे असे कोणालाच वाटत नव्हते, मलाही नाही.

ते मत बदलले ते दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात. गोळ्या दाबणाऱ्या कॉम्प्रेशन मशीनच्या एसओपीची ठरलेली फेरतपासणी आली होती. रिवाज असा की जुनी फाइल उघडायची, तारीख बदलायची, तिघांच्या सह्या घ्यायच्या आणि काम संपवायचे. त्या वेळी सही करणारे अधिकारी रजेवर असल्याने माझ्याकडे दोन दिवस मोकळे होते, म्हणून मी गाऊन आणि टोपी चढवून एक पूर्ण पाळी त्या मशीनशेजारी उभी राहिले. कागद हातात धरून एकेक पायरी जुळवत होते आणि सगळे जुळतही होते. फक्त दर पंधरा-वीस मिनिटांनी ऑपरेटर खाली वाकून एक रबरी हातोडी उचलत आणि वरच्या हॉपरला (माल ज्यातून मशीनमध्ये उतरतो त्या भांड्याला), डाव्या बाजूला, साधारण एकाच जागी दोन ठोके देत. त्या जागेचा स्टील इतर भागापेक्षा किंचित चकाकत होता. मी विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, तुमच्या कागदार ही थापट ना, पूण थापट मारले बगर मशीन चलना.’’ (तुमच्या कागदावर ही थाप नाही, पण थाप मारल्याशिवाय मशीन चालत नाही.)

ते दोन ठोके एसओपीत लिहायचे की नाही, यावर पुढे महिनाभर बैठका झाल्या. उत्पादन विभागाचे म्हणणे असे की असल्या गोष्टी कागदावर आणल्या तर तपासणीला आलेला माणूस तेवढेच धरून बसेल. गुणवत्ता विभागाचे म्हणणे असे की ठोके दिले जात असतील तर ते का द्यावे लागतात हे आधी शोधले पाहिजे. शोधल्यावर निघाले ते असे, की पावसाळ्यात गोळ्यांचा दाणेदार माल वाळवून झाल्यावरही ओलाव्याच्या मर्यादेच्या अगदी वरच्या टोकाला राहत होता, त्यामुळे तो हॉपरमध्ये कमान धरून अडकत होता, आणि ऑपरेटर ती कमान हातोडीने मोडत होते. ओलाव्याची वरची मर्यादा खाली आणली गेली, वाळवण्याचा वेळ त्यानुसार बदलला आणि हातोडी भांडारात परत गेली. या सगळ्या प्रकरणात मी प्रत्यक्ष लिहिलेल्या ओळी दोन होत्या. त्या दोन ओळी कोणीही लिहिल्या असत्या, आणि आज एखादे यंत्रही सहज लिहील. पण त्या ओळींपर्यंत पोहोचायला कोणीतरी आठ तास तिथे उभे राहायला हवे होते. शेजारच्या मुलीच्या प्रश्नाचे माझे उत्तर बहुतांशी याच प्रसंगात आहे, बाकीचे केवळ तपशील आहेत.

२०१२ मध्ये मी पुण्याला गेले आणि सॉफ्टवेअरच्या दुनियेत शिरले. तिथे माझ्या कामाला पहिल्यांदा ‘टेक्निकल रायटर’ हे नाव मिळाले, पगार जवळजवळ तिपटीने वाढला, आणि ओळखपत्रावर ते नाव पाहून मला जो आनंद झाला तो आज थोडा हास्यास्पद वाटतो. फ्रेममेकर, रोबोहेल्प, मॅडकॅप फ्लेअर ही साधने शिकले. पुढे मार्कडाउन आणि गिट आले, म्हणजे कोड जिथे ठेवला जातो तिथेच कागदपत्रेही ठेवायची आणि प्रोग्रॅमरप्रमाणेच त्यांची तपासणी करून घ्यायची. २०२० मध्ये टाळेबंदीत गोव्याला परतले आणि तेव्हापासून घरूनच काम करते आहे.

आता वाईट बातमी, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या व्यवसायाचे भवितव्य मोजण्यासाठी लोक अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे आकडे पाहतात, कारण या पेशाची तिथे स्वतंत्र गणना होते. त्या विभागाने मे २०२३ साठी टेक्निकल रायटरचे मध्यक वार्षिक वेतन ८०,०५० डॉलर दाखवले होते, आणि २०२३ ते २०३३ या दशकात नोकऱ्या ४ टक्क्यांनी वाढतील असा अंदाज दिला होता. पुढच्याच वर्षी, २०२४ ते २०३४ या दशकासाठी, तो अंदाज १ टक्क्यावर आला. दहा वर्षांत १ टक्का म्हणजे वाढ जवळजवळ नाहीच. निवृत्त होणाऱ्यांच्या आणि व्यवसाय सोडणाऱ्यांच्या जागा भरल्या जातील, एवढेच. हे आकडे अमेरिकेचे आहेत आणि फोंड्याच्या मुलीला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत हे खरे, परंतु पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतले आमचे काम पुष्कळदा तिथल्याच कंपन्यांच्या उत्पादनांसाठी असते, त्यामुळे तिकडे ढग आले की इकडे सरी पडतात.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, जिची आमच्या पेशाबाहेर कोणी दखल घेतली नाही. १९५३ पासूनची परंपरा सांगणारी ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ ही या पेशाची सर्वांत जुनी मोठी संघटना, जिची शाखा भारतातही होती, जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीमुळे बंद पडली. तिच्या परिषदांना जाऊन आलेल्या सहकाऱ्यांकडून मी इतके ऐकले होते, की ती बातमी वाचून घरातले जुने घड्याळ थांबल्यासारखे वाटले. मात्र संघटना बुडाली म्हणून पेशा बुडाला असे मी मानत नाही. २०१३ पासून चालत आलेल्या ‘राइट द डॉक्स’सारख्या मोकळ्या समुदायाकडे तरुण मंडळी आधीच वळली होती, आणि वर्गणी भरून सभासद होण्याचे दिवसही सरले होते.

माझा स्वतःचा अनुभवही फारसा गोड नाही. ज्या कंपनीसाठी मी घरून काम करत होते, तिथे आम्ही पाच लेखक होतो. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि पुढच्या दीड वर्षात आमचे आम्ही दोघे उरलो. ज्या तिघांना जायला सांगितले त्यांत सर्वांत चांगले इंग्रजी लिहिणारा सहकारी होता. निरोप देणाऱ्या त्या ऑनलाइन बैठकीत व्यवस्थापकांनी असे सांगितले, की आता पहिला मसुदा यंत्र करील आणि प्रोग्रॅमर तो तपासतील. त्या दिवशी मी कॅमेरा बंद ठेवला होता. मला राग होता, पण मनातून हेही कळत होते की रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीतले बदल सांगणाऱ्या टिपा) लिहिणे, परिच्छेद आटोपशीर करणे, एकाच मजकुराच्या तीन लांबीच्या आवृत्त्या करणे, ही कामे यंत्र खरोखरच चांगली करते. मी स्वतः रोज करवून घेते. जे नाकारता येत नाही ते नाकारून पोट भरत नाही.

पण ‘प्रोग्रॅमर तपासतील’ या वाक्याचे काय झाले, तेही सांगायला हवे. एका सेवेच्या एपीआयचे, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीचे, दस्तऐवज यंत्राने कोडवरून तयार केले. मजकूर नितळ होता, उदाहरणे होती, तक्ते होते. त्यात एका जागी लिहिले होते की उत्तराची वाट पाहण्याची मूळ मुदत ३० सेकंद आहे. कोडमधल्या टिपेत तसेच लिहिलेले होते, म्हणून यंत्राने तसे लिहिले. तपासणाऱ्या प्रोग्रॅमरनेही टीप पाहून मान डोलावली. मी सवयीप्रमाणे ती विनंती स्वतः चालवून पाहिली तर ती डोळ्याचे पाते लवायच्या आत तुटली. कधीतरी कोणीतरी फंक्शन बदलताना एकक मिलिसेकंद केले होते आणि टीप बदलायची राहून गेली होती. ती चूक वर्षभर तिथे होती आणि ग्राहकांच्या तक्रारी ‘नेटवर्कची अडचण’ म्हणून बंद केल्या जात होत्या. जे लिहिलेले आहे त्यावरून यंत्र लिहिते. कॉम्प्रेशन मशीनची हातोडी कुठेच लिहिलेली नव्हती, आणि इथे लिहिलेले होते ते चुकीचे होते.

म्हणून त्या मुलीला मी असे सांगितले, की नोकरी शोधताना हुद्द्याचे नाव पाहू नकोस; ज्या कागदावर कोणाची तरी सही लागते, आणि तो कागद चुकला तर त्या सहीवाल्याला जाब द्यावा लागतो, असा कागद कुठे तयार होतो ते पाहा. हौसेने लिहिलेला मजकूर मंदीत पहिल्यांदा छाटला जातो. कायद्याने मागितलेला मजकूर छाटता येत नाही. त्यासाठी माणसे कमी केली जातात, पण सही करणाऱ्याला विश्वासाचे माणूस जवळ लागतेच.

गोव्यात असे कागद किती आहेत याची आपल्याला कल्पना नसते, कारण बाहेरच्या जगाला गोवा म्हणजे किनारा. सिप्ला आणि ल्युपिनचे कारखाने वेर्ण्यात आहेत, ग्लेनमार्कचा कोलवाळला आहे, युनिकेमचा पिळर्ण्यात आहे, आणि कुंडईपासून बेथोड्यापर्यंत लहान-मोठे उद्योग पसरले आहेत. अमेरिकेला औषध पाठवणाऱ्या कारखान्याला तिथल्या नियमावलीचा, म्हणजे २१ सीएफआरच्या भाग २११ चा, स्पष्ट दंडक आहे : उत्पादनाची कार्यपद्धती लेखी असली पाहिजे, काम करतानाच त्याची नोंद झाली पाहिजे, आणि पद्धतीपासून काही ढळले तर तेही कारणासह लिहिले पाहिजे. हॉपरवरच्या ठोक्यांनी आमच्या कारखान्यात इतकी खळबळ का उडाली, ते यावरून लक्षात येईल. आता देशांतर्गत नियमही त्याच दिशेने चालले आहेत. औषध कारखान्यांनी उत्पादन कसे करावे हे सांगणारे सुधारित शेड्यूल एम डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने आले. २५० कोटींपेक्षा अधिक उलाढाल असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, आणि लहान-मध्यम कारखान्यांना दिलेली मुदत नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. जोखमीचे मूल्यमापन, उत्पादनाच्या गुणवत्तेचा वार्षिक आढावा, बदलांचे नियंत्रण, हे सारे त्यात लेखी मागितलेले आहे. ज्या लहान कारखान्यात आजवर एकच केमिस्ट जेवणाच्या सुट्टीत एसओपी टंकित करत असे, तिथे आता या कामासाठी स्वतंत्र माणूस लागतो. माझ्या ओळखीत गेल्या दोन वर्षांत अशा कामावर लागलेल्यांपैकी एकाच्याही हुद्द्यात ‘रायटर’ हा शब्द नाही.

औषधांखालोखाल मला आशा वाटते ती वैद्यकीय उपकरणांत. क्षयरोगाचे निदान करणारे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे लहान यंत्र मोलबायो या गोव्याच्या कंपनीचे आहे, आणि अशा यंत्राबरोबर जाणाऱ्या वापर-सूचना ही शोभेची वस्तू नसते. वातानुकूलित प्रयोगशाळा नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञाने त्या वाचून नमुना घ्यायचा असतो. तिथली एक संदिग्ध ओळ म्हणजे एखाद्या रुग्णाचा चुकीचा अहवाल ठरू शकते. तिसरे क्षेत्र वास्कोचे. गोवा शिपयार्डने २३ जुलै २०२४ रोजी ‘त्रिपुट’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका पाण्यात सोडली तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती जहाजाच्या सांगाड्याची. पण अशा जहाजाबरोबर त्यातल्या प्रत्येक पंपाच्या, झडपेच्या आणि फलकाच्या पुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या आणि देखभालीची वेळापत्रके द्यावी लागतात. संरक्षण दलांना हा सगळा मजकूर पडद्यावर उघडणाऱ्या परस्परसंवादी पुस्तिकेच्या, म्हणजे आयईटीएमच्या, स्वरूपात हवा असतो. ही कामे पुष्कळदा उपकरणे पुरवणारे किंवा बाहेरचे कंत्राटदार करतात, आणि तिथे अभियांत्रिकीची पदवी असलेल्या मुलीला माझ्यासारख्या बी. एस्‌सी.पेक्षा अधिक मान आहे.

युरोपला यंत्रे विकणाऱ्यांसाठी आणखी एक बदल जवळ आला आहे. युरोपीय संघाचा यंत्रविषयक नवा नियम, क्रमांक २०२३/१२३०, २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो आणि तो सूचनापुस्तिका डिजिटल स्वरूपात द्यायला परवानगी देतो. ग्राहकाने मागितल्यास कागदी प्रत विनामूल्य द्यावी लागेल. ही बातमी वाचून एका परिचित कारखानदाराने मला विचारले की आता छपाईबरोबर लेखकाचाही खर्च वाचेल ना. मी त्यांना म्हटले, भाऊ, छापखान्याचा वाचेल. सूचना देण्याचे आणि त्या बरोबर असण्याचे उत्तरदायित्व उत्पादकावर तसेच आहे, उलट डिजिटल पुस्तिका वर्षानुवर्षे ऑनलाइन उपलब्ध ठेवायची म्हणजे ती सांभाळायला कोणीतरी हवेच. त्यांना ते फारसे रुचले नाही.

भाषेबद्दल थोडे विषयांतर करते, कारण हा माझ्या आवडीचा भाग आहे. आपल्या कारखान्यांत कागद इंग्रजीत असतो आणि काम कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड आणि आता ओडियातही चालते. एकदा मला मशीनवर टांगायच्या सूचना मराठीत करायला सांगितले. मी मोठ्या उत्साहाने ‘हॉपर’चे ‘नरसाळे’ केले आणि पाळीवरचे सगळे हसून हसून बेजार झाले, कारण नरसाळे म्हणजे त्यांच्या दृष्टीने घरातले रॉकेल ओतायचे. तो धडा स्वस्तात मिळाला. महाग पडू शकला असता तो दुसरा. ‘मशीन बंद आहे’ अशी एक पाटी मी लिहिली होती. इंग्रजीत तिचा अर्थ ‘वीजपुरवठा तोडलेला आहे’ असा होता. दुपारच्या पाळीने ती वाचली आणि मशीन बिघडलेले आहे असे समजून देखभाल विभागाला बोलावले. देखभालवाल्याने ‘बंद’ म्हणजे नुसते थांबवलेले असे धरले आणि वीज आहे की नाही हे न पाहताच झाकण उघडले. वीज तोडलेली होती म्हणून निभावले. मराठीत पंखा बंद होतो, दार बंद होते, झडप बंद होते, दुकान बंद होते आणि मिक्सर बिघडला तरी तो ‘बंद पडतो’. त्या दिवसापासून मी ‘बंद’ हा शब्द एकट्याने कधीही वापरलेला नाही. ‘वीज तोडली आहे’, ‘झडप पूर्ण आवळली आहे’, ‘मशीन नादुरुस्त आहे’ असे लिहिते.

मराठी आणि कोकणी येणे हे या पेशात भांडवल आहे का, असे मला अनेकदा विचारतात. निव्वळ भाषांतराच्या दरांकडे पाहिले तर नाही. यंत्राने केलेल्या अनुवादावर हात फिरवण्याचे जे दर सध्या दिले जातात ते पाहून संताप येतो. मात्र ऑपरेटरशी त्याच्या भाषेत बोलून माहिती काढता येणे हे फार मोठे भांडवल आहे. ‘थापट’ हा शब्द मला इंग्रजीत कोणी सांगितला नसता.

काय शिकावे, यावर मी थोडक्यात आटोपते, कारण साधनांच्या याद्या कुठेही मिळतात. सॉफ्टवेअरकडे जायचे असेल तर मार्कडाउन, गिट आणि एपीआय वाचता येणे आवश्यक आहे; गूगलचे टेक्निकल रायटिंगचे प्राथमिक अभ्यासक्रम विनामूल्य आहेत आणि चांगले आहेत. जड उद्योगांकडे जायचे असेल तर मजकुराचे लहान पुनर्वापरयोग्य तुकडे करण्याची डिटा ही पद्धत, जी आयबीएममध्ये जन्मली आणि २००५ मध्ये ओॲसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे प्रमाण झाली, ती समजून घ्यावी. विमान उद्योगातून आलेल्या ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’चे नियम तर प्रत्येकाने वाचावेत : कृती सांगणारे वाक्य २० शब्दांपेक्षा मोठे नको, वर्णनाचे २५ पेक्षा मोठे नको, आणि एका शब्दाचा एकच अर्थ. (हा लेख त्या नियमांनी तपासला तर पहिल्याच वाक्याला नापास होईल, याची मला जाणीव आहे.) याखेरीज एखाद्या विषयाचे खरे ज्ञान हवे, मग ते रसायनशास्त्र असो, विद्युत जोडणी असो वा लेखापालन. केवळ चांगल्या भाषेवर उभे राहण्याचे दिवस माझ्या त्या सहकाऱ्याबरोबर संपले.

पैशाबद्दल स्पष्ट बोलावे. कारखान्यातल्या डॉक्युमेंटेशनच्या कामाला सुरुवातीला पगार कमी असतो. मला २००८ मध्ये महिना साडेसहा हजार मिळत होते आणि आजच्या ट्रेनींची तक्रारही त्याच सुराची असते. सॉफ्टवेअरमध्ये तो अधिक असतो, पण नोकरीची हमी आता तितकीशी उरलेली नाही. परदेशी ग्राहकासाठी घरून काम करणाऱ्यांचे उत्पन्न चांगले दिसते, मात्र त्यात रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि जूनमध्ये वीज गेली की इन्व्हर्टरच्या भरवशावर बैठक चालते. कारखान्यात पाच वर्षे काढून नियामक विभागात, म्हणजे औषधाच्या परवानगीचे अर्ज तयार करणाऱ्या विभागात, गेलेल्या माझ्या दोन मैत्रिणी आज माझ्यापेक्षा अधिक कमावतात आणि माझ्यापेक्षा शांत झोपतात. तो रस्ता मी घेतला नाही, आणि त्याची मला मधूनमधून हळहळ वाटते.

मुलीने शेवटी विचारले की नमुना म्हणून काय दाखवू. महाविद्यालयातल्या प्रकल्पाचा अहवाल दाखवू नकोस, असे मी तिला सांगितले. तो सगळ्यांचाच सारखा असतो. त्यांच्या परसात विहीर आहे आणि तिच्यावर पंप आहे, जो सुट्टीत चार दिवस बंद (इथे ‘न चालवता’ असे वाचावे) राहिला की पाणी ओढत नाही आणि मग तिचे वडील तो खटपट करून चालू करतात. त्या पंपाची कृती लिही, म्हटले, आणि ती वाचून तुझ्या आईला पंप सुरू करता आला पाहिजे; तू शेजारी उभी राहायचे पण तोंड उघडायचे नाही.

चार दिवसांनी ती वही घेऊन आली. पहिल्या मसुद्यात अकरा पायऱ्या होत्या आणि आई चौथीवर अडली होती. तिथे लिहिले होते, ‘पंपात भरपूर पाणी ओता.’ आईने तांब्या हातात धरून विचारले होते, ‘‘भरपूर म्हळ्यार कितें गो?’’ मुलीने मग वडिलांना विचारले, त्यांनी ‘दोन-तीन तांबे’ म्हणून सांगितले, म्हणून तिने तसे लिहिले. पण फूट व्हॉल्व्हमधून (विहिरीतल्या नळाच्या तळाशी असलेल्या झडपेतून) पाणी किती गळले आहे त्याप्रमाणे एके दिवशी दोन तांबे पुरले आणि दुसऱ्या दिवशी सहा लागले. तिसऱ्या मसुद्यात ती स्वतः पंपाजवळ उकिडवी बसली आणि पाहून लिहिले : ‘पाणी तोंडापर्यंत येऊन बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ओतत राहा. मग झाकण आवळा.’ आईने त्या दिवशी पंप सुरू केला.

तिन्ही मसुदे, आईच्या शंकांसकट, तिने कुंडईच्या एका कारखान्यातल्या ट्रेनीच्या जागेसाठी अर्जाला जोडले आहेत. पहिले दोन काढून टाकावेत का, असे तिने मला विचारले होते. मी नको म्हटले. अर्ज जाऊन दहा दिवस झाले, उत्तर अजून आलेले नाही.